पात्र जोडप्यांच्या वहीतली गल्ली

लातूरच्या ठाण्यात एका गवंड्याने माझ्यापुढे अर्ज ठेवला, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत मी हजारो अर्ज वाचले. बहुतेक अर्ज पहिल्या दोन ओळींत कळतात. कुणी बांध कोरलेला असतो, कुणी मोटारसायकल नेलेली असते, कुणाचा जावई दारू पिऊन आलेला असतो. हा अर्ज मी तीनदा वाचला, तरी मला नीट उमगला नाही.

त्यात लिहिलं होतं, 'माझी बायको भूकंपात मयत झालेली असताना तिने मागच्या महिन्यात लातूरच्या सरकारी आरोग्य केंद्रातून पाळणा लांबवण्याच्या गोळ्या नेल्या, असे सरकारी वहीत दाखवले आहे. तरी चौकशी व्हावी.'

अर्जदार चाळिशीचा, हाताला सिमेंटच्या भेगा पडलेला माणूस. औसा तालुक्यातल्या ज्या गावांचं भूकंपात एकही घर उभं राहिलं नाही, त्यांपैकी एका गावचा. बायको आणि मुलगा त्याने एकाच खड्ड्यात ठेवले होते. पुढे पुनर्वसनाची घरं बांधायला गवंडी हवे होते, तेव्हा हा थापी घेऊन उभा राहिला आणि स्वतःच्या गावाची नवी घरं त्याने मजुरीवर बांधली. दुसरं लग्न केलं. भूकंपाला तोवर सात वर्षं झाली होती.

"बसा," मी म्हणालो. "हे तुम्हाला कळलं कसं?"

"आरोग्य खात्याचा माणूस आला हुता साहेब. कागद घेऊन. माझ्या दारात हुबा राहून मोठ्यानं म्हणला, अमकी बाई कुठंय, तिला बोलवा, गोळ्या मिळाल्या का विचारायचंय. अख्खी कॉलनी ऐकून राहिली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? घरातली बाहेर आली. ती म्हणली, मरून गेली ती. तो म्हणला, मरून कशी जाईल, मागच्या महिन्यात नोंद हाय." त्याने तळहात मांडीला पुसले. "माझी आत्ताची बायको दोन दिस जेवली न्हाई साहेब. तिला वाटून राहिलं, पहिली जित्ती हाय आन मी लपवून ठेवलीय."

दाराशी आमचे जमादार उभे होते. हवालदाराला आमच्याकडे अजून निजामाच्या काळातल्यासारखं जमादारच म्हणतात. हे नांदेडचे, चौकातल्या जुन्या अत्तरवाल्या घराण्यातले, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. ते एरवी अशा वेळी काहीतरी बोलायचे. त्या दिवशी त्यांनी फक्त गवंड्याला पाण्याचा तांब्या दिला.

मी गुन्हा लगेच दाखल केला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला आणि स्टेशन डायरीला नोंद घेतली. पण मनात निष्कर्ष तयार होता. मेलेल्या बायकांच्या नावाने सरकारी गोळ्या उचलायच्या आणि बाहेर दुकानदारांना विकायच्या, हा उघड प्रकार. ठाण्यातल्या माणसाला पहिला संशय नेहमी चोरीचाच येतो. तो बरोबरही निघतो, म्हणून सवय जात नाही.

आरोग्य केंद्र क्लासेसच्या भागात होतं. त्या वर्षांत लातूर झपाट्याने बदलत होतं. एका बाजूला भूकंपातून उठलेली माणसं, दुसऱ्या बाजूला बारावीच्या गुणांसाठी अख्ख्या मराठवाड्यातून येणारी पोरंपोरी. प्रत्येक घरमालकाने वर एक मजला चढवून खोल्या काढल्या होत्या. खाली झेरॉक्स, वर क्लास, मागे मेस. या गर्दीत दोन खोल्यांचं ते केंद्र आणि त्यात एक नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. मीही इथे तेच म्हणतो.

आम्ही पोचलो तेव्हा बाहेर बाकावर पाच-सहा बाया बसल्या होत्या. खाकी कपडे दिसताच त्यांनी तोंडावर पदर आणि ओढण्या घेतल्या आणि एकेक करून निघून गेल्या. केंद्राच्या दाराबाहेर भिंतीला एक लाकडी पेटी लावलेली होती, निरोधची. ज्याला लागेल त्याने हात घालून घ्यावं. आमच्या देखत एक रिक्षावाला आला, मूठभर पाकिटं उचलून खिशात घातली, मला सलाम ठोकला आणि गेला.

जमादार म्हणाले, "बघा साहेब. ह्याला कुणी विचारलं न्हाई, तुझं नाव काय, बायकोचं नाव काय, लेकरं किती."

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते बोलले ते किती मोठं होतं, हे मला चार दिवसांनी कळलं.

आत टेबलावर वही होती, 'पात्र जोडपे नोंदवही'. सरकार गोळ्या फुकट देत होतं आणि चांगलं करत होतं. पण गोळी घ्यायची तर या वहीत बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती, मूळ गाव, एवढे रकाने भरावे लागत. नवऱ्याचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. वरून तपासणीला माणूस यायचा. दर काही महिन्यांनी दहा-बारा नावं निवडून मूळ गावी पडताळणीला पाठवली जायची. त्याच पडताळणीत गवंड्याच्या बायकोचं नाव निघालं होतं.

मी वही पंचनामा करून ताब्यात घेतली. सुवाच्य, गोल अक्षर. चाळीसच्या वर नावं एकाच गावची. उजाड झालेल्या त्या गावची.

त्या गावाशी माझाही संबंध होता. भूकंप झाला तेव्हा मी मुखेडला नवा फौजदार होतो. आम्हाला ट्रकमध्ये घालून तिकडे बंदोबस्ताला पाठवलं. नऊ दिवस मी मयतांच्या याद्या केल्या. घाई होती, सांगणारे भानावर नव्हते. माझ्या याद्यांत अर्ध्या बायकांपुढे 'अमुकची पत्नी, वय अंदाजे तीस' असंच लिहिलेलं होतं. मी त्या जुन्या यादीची प्रत मागवून घेतली आणि वहीशी ताडून पाहिली. नवऱ्यांची नावं तंतोतंत जुळली. वहीतल्या त्या सगळ्या बायका मयत होत्या. फरक एवढाच, की मी ज्यांना फक्त कुणाची तरी पत्नी म्हणून लिहिलं होतं, त्यांची स्वतःची नावं सिस्टरच्या वहीत होती.

हे मला तेव्हा पुरावा वाटलं, तिच्या विरुद्ध.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई पाठवून सिस्टरला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, पांढरी साडी, पायात रबरी चपला. माहेर अहमदपूरचं, सासर कधीच सुटलेलं. भूकंपाआधी ती त्याच गावात नेमणुकीला होती, हे मला सेवापुस्तकावरून कळलं होतं. गणपती विसर्जनाला माहेरी गेली, म्हणून वाचली.

इथे माझी एक चूक सांगतो. मी तिला माझ्या खोलीत न बसवता बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे बसवलं. चार लोकांत बसवलं की माणूस लवकर नरमतो, असा आमचा अनुभव. तिथे एक पाकीटमार होता, दोन भांडखोर भाऊ होते, पासपोर्टच्या चौकशीला आलेला एक व्यापारी होता. त्या सगळ्यांपुढे मी तिला विचारलं, "गोळ्या कुठे विकता?"

"विकत न्हाई."

"मग कुणाला देता?"

"ज्या मागायला येतात त्यांना."

"त्यांची नावं?"

तिने पदर खांद्यावर नीट घेतला.

"वहीतल्या बायका मेलेल्या आहेत. मेलेल्या बायका गोळ्या मागायला येतात का?"

पाकीटमार हसला. सिस्टरने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या कपाळाला टाके मीच घातले हुते ना रे? बरा दिसून राहिला आता." तो हसायचा थांबला. मग मला म्हणाली, "साहेब, वहीत खोटं लिहिलं, ते मी केलं. लिहून घ्या. सही करते. दुसरं काही माझ्याकडं न्हाई."

"तुम्हाला कळतंय का? सरकारी दप्तरात खोट्या नोंदी, वर मालाचा अपहार. नोकरी जाईल. अटक होईल."

"हाव."

"एका तरी बाईचं नाव द्या, जिला खरोखर गोळी मिळाली. तिचा जबाब घेतो. अपहार निघून जाईल."

"न्हाई देणार."

दोन तास हेच चाललं. मी आवाज चढवला, उतरवला, चहा दिला, चहा काढून घेतला. आरोपी खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो, कारण त्याला मधल्या फटी बुजवायच्या असतात. ही बाई फटी तशाच ठेवत होती. संध्याकाळच्या आत मी तिला घरी सोडलं आणि बोलावीन तेव्हा पुन्हा यायला सांगितलं.

जाताना जमादारांनी तिच्यासाठी रिक्षा थांबवली. परत येऊन मला म्हणाले, "साहेब, एक बोलू? चोर असती तर एव्हाना तिने आपल्या दोघांपैकी एकाला तरी भाऊ म्हटलं असतं."

तोवर बातमी बाहेर गेली होती. तिसऱ्या दिवशी क्लासवाल्यांचं एक शिष्टमंडळ उपअधीक्षक साहेबांना भेटलं. सोबत त्या भागातले एक पुढारी होते. मला बोलावणं आलं. पुढारी म्हणाले, "लातूरचं नाव आख्ख्या महाराष्ट्रात घेतात. पालक विश्वासाने लेकी पाठवतात. ह्या बाईनं गोळ्या वाटून गाव बाटवलं. आम्हाला फक्त नावं पाहिजेत. कोणत्या हॉस्टेलच्या, कोणत्या खोल्यांवरच्या. आमचं आम्ही बघून घेऊ."

"बघून घेऊ म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गावी पाठवून देऊ. सन्मानाने."

उपअधीक्षक साहेबांनी मंडळींना चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "चार दिवसांत एक काहीतरी कर. लाभार्थी बायकांचे जबाब आण नाहीतर तिच्यावर गुन्हा दाखल कर. मधलं काही चालणार नाही."

मधलं काही नव्हतंच. जबाब आणले की नावं कागदावर येणार, आणि कागद ठाण्याबाहेर जायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. नावं नाही आणली, तर सिस्टर आत जाणार. आता हा प्रश्न चोरीचा राहिला नव्हता. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं, की बाई गप्प का आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

मी गवंड्याला पुन्हा बोलावलं. हेतू साधा होता. वहीतली नावं ओळखून दे, तुझा पुरवणी जबाब घेतो. त्याला अक्षर फारसं लागत नव्हतं. मी वाचत गेलो आणि तो हाव, हाव म्हणत गेला. सहा-सात नावं झाली आणि त्याचा हाव बंद झाला. मी वर पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता.

"काय झालं?"

"वाचा साहेब. थांबू नका."

मी वाचलं, पुढचं नाव, नवऱ्याचं नाव.

"ते शिंप्याचं घर. आता तात्याची सून येईल."

मी वहीत पाहिलं. पुढचं नाव वाचलं आणि त्याने डोळे न उघडता मान डोलावली.

"तिच्या पुढं मी," तो म्हणाला. "माझी बायको. मग बोळ हाय. बोळातून आत गेलं की तीन घरं. हाय का न्हाई?"

होती. तीन नावं, एका आडनावाची.

"पाण्याच्या टाकीपासून निघायची ही सिस्टर. दर मंगळवारी. खांद्याला पिशवी. टाकी, शिंपी, तात्या, आम्ही, बोळ, मग मारवाड्याचं दुकान सोडून पलीकडली आळी." त्याने डोळे उघडले. "साहेब, ही आमची गल्ली हाय. ती गल्लीतून चालत गेलीय, लिहिता लिहिता."

जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी वही मिटली नाही. चोर नावं चोरतो तेव्हा हाताला लागतील तशी घेतो. घरं चुकतात, सासू-सुना उलट्यापालट्या होतात. इथे एकही दार चुकलं नव्हतं.

दुपारी मी सिस्टरला बोलावलं. या वेळी माझ्या खोलीत, महिला शिपायाला बसवून, दार लोटून. आधी परवाच्या वागण्याबद्दल माफी मागितली. गणवेशात असताना मी फार कमी वेळा माफी मागितली आहे. मग तिला सांगितलं, की गवंड्याने गल्ली ओळखली.

ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मग पदराने तोंड पुसून सरळ बोलायला लागली.

"साहेब, आधी मी खरी नावं लिहायचे. लई चांगल्या अक्षरात. एक सून हुती, इस्लापूरकडली. वीस-एकवीस वर्षांची. सासरचे म्हणले, पोटुशी राहीस्तोवर शीक काय शिकायचं ते, मग क्लास बंद. तिला डीएडला लागायचं हुतं. ती गोळ्या न्यायची. तिची चुलतसासू खोकल्याचं औषध घ्यायला आली, वही टेबलावर उघडी हुती. तिसऱ्या दिवशी तिला नेलं. वह्या-पुस्तकं बंबात घातली. तिनं मला काही म्हटलं न्हाई, पण तिचं नाव मीच लिहिलं हुतं ना."

"मग?"

"मग काय. रकाना तर भरावा लागतो. मनानं नावं लिहून बघितली, तर सगळ्याच सुनीता व्हायला लागल्या. तपासनीस विचारायचा, हिला लेकरं किती, लग्न कधी झालं, मला आठवायचं न्हाई. आन विधवा आली, बिनलग्नाची आली, तर नवऱ्याच्या रकान्यात काय घालू? सगळ्या सज्ञान बाया हाईत साहेब, कुणाला गोळी, कुणाला अंगावरून जातं त्याचं औषध. परत पाठवलं तर त्या जातात कुठं? पाडायला ज्या गावठी बाईकडं जातात, तिथून परत येताना मी बघितल्यात. त्या गल्लीतल्या बायांचं मला सगळं पाठ हुतं. नवरे, लेकरं, कुणाला कोणती गोळी मानवत न्हाई. त्यांची नावं घातली. मेलेल्या बाईला कुणी वेणीला धरून घरी नेत न्हाई."

"पण पडताळणी गावी जाते, हे तुम्हाला माहीत होतं."

"गाव राहिलं कुठं साहेब? मला वाटलं, कागद जाईल आन परत येईल, असं गाव न्हाई म्हणून." तिने मान हलवली. "मी परत तिकडं गेलेच न्हाई. तीन कोसावर नवीन वसवलं आन नाव तेच ठेवलं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई."

त्या भागात अनेकांची हीच चूक व्हायची. जुनं गाव मनात इतकं संपलेलं असे, की त्याच नावाची पाटी दुसऱ्या रस्त्यावर लागली आहे याचं भान राहत नसे. मनीऑर्डरी फिरायच्या, समन्स फिरायचे. सिस्टरच्या बाबतीत मात्र एक मेलेलं नाव फिरून नवऱ्याच्या दारात उभं राहिलं होतं.

मी म्हणालो, "माझा विश्वास बसला. पण माझ्या विश्वासाला कोर्टात किंमत नाही. गोळ्या बायकांपर्यंत पोचल्या, याचा पुरावा हवा."

"तो मिळणार न्हाई," ती म्हणाली. "मला आत घाला. पेटी मात्र बंद करू नका बाहेरची. बाप्यांचं तरी चालू राहू द्या."

दोन दिवस उरले होते. मी पुरावा म्हणजे काय, याचाच विचार करत होतो. पुरावा आला तो दुपारी दोनच्या सुमाराला, आणि डब्यातून आला.

आमच्या ठाण्यातले बाहेरगावचे शिपाई त्याच भागातल्या एका मेसचा डबा खायचे. मेस चालवणारी बाई मुखेडकडची, आडदांड बांध्याची, शंभर-दीडशे डबे रोज हॉस्टेलांना पोचवणारी. डबे न्यायला तिचा माणूस यायचा. त्या दिवशी ती स्वतः आली, हातात भला मोठा पितळी डबा.

"जमादार भाऊ, आज न्यायला न्हाई, द्यायला आले."

"आत्ता कसला डबा? तुमची सकाळची वांगी अजून पोटात भांडून राहिलीत."

"ह्यात खायचं काही न्हाई. साहेबांपुढं उघडा."

माझ्या टेबलावर डबा उघडला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, काठोकाठ दाबून भरलेली. चंदेरी पत्रे, प्रत्येकावर सरकारी पुरवठ्याची खूण, विक्रीसाठी नाही असा छाप आणि उत्पादनाचा गट क्रमांक.

"ही तुमच्याकडे कशी?"

"टाकणार कुठं साहेब बाया-पोरी? हॉस्टेलच्या कचऱ्यात टाकलं तर झाडणारी बघती. घरी टाकलं तर सासू बघती. मग पोरी मोकळ्या डब्यात घालून माझ्याकडं धाडत्यात, सुना पदराआड आणून देत्यात, भट्टीत टाक म्हणून. कागद जळतो, ही चांदी जळत न्हाई. भंगारवाल्याला द्यावं तर तो लई चौकस. पिठाच्या कोठीमागं सारत गेले. अजून एक पोतं हाय."

"सिस्टरचं तुम्हाला कसं कळलं?"

तिने जमादारांकडे पाहिलं. जमादार छताकडे पाहू लागले. चौकशीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते, हा नियम त्यांनी मोडला होता. मी त्यांना त्याबद्दल कधीच काही बोललो नाही. आज इथे त्यांचे आभार मानतो.

बाई पुढे म्हणाली, "नाव लिहायचं तर माझं लिहा. मी पण त्यातलीच. नवरा मरून सहा वर्षं झाली, आता दुसऱ्यासंगं राहते. गल्लीला म्हाईत हाय. माझं काय जायचंय? बाकीच्यांची मला इचारू नका. सिस्टरनं सांगितलं न्हाई ते मी सांगीन, असं वाटतं का तुमाला?"

मी पेन उचललं होतं. ते खाली ठेवलं.

पाकिटं मोजून केंद्राला आलेल्या साठ्याशी ताडली, तेव्हा गट क्रमांक जुळले. वैद्यकीय अधिकारी स्वतः पंच म्हणून आले आणि म्हणाले, "विकणारा भरलेली पाकिटं विकतो. रिकामी परत येतात, याचा अर्थ गोळी पोटात गेली. यापेक्षा चांगला पुरावा मला माझ्या खात्यात कधी मिळाला नाही." मी पंचनामा लिहिला. 'एका महिलेने स्वखुशीने हजर केलेल्या वस्तू.' एवढंच.

कागद उपअधीक्षक साहेबांपुढे गेला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"हजर करणारीचं नाव कुठे आहे?"

"नाही लिहिलं साहेब."

"का?"

"खबऱ्याचं नाव आपण लिहितो का साहेब?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खबऱ्याचं नाव पोलीस सांगत नाहीत. कोर्टही ते सांगायला भाग पाडत नाही. ते उघड झालं तर माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून कायद्यानेच ते झाकलं आहे. ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेली असते. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "त्या शिष्टमंडळाला काय सांगू?"

"नावं चौकशीत निष्पन्न झाली नाहीत, असं सांगा. ते खरं आहे."

अपहाराचा गुन्हा दाखल झाला नाही. खोट्या नोंदींबद्दल सिस्टरला तिच्या खात्याने लेखी ताकीद दिली. ती तिने सही करून घेतली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या एका केंद्रापुरता उपाय काढला. बाईला क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, वहीत फक्त क्रमांक लिहायचा आणि वही कुलपात. त्यासाठी त्यांना वर किती पत्रं लिहावी लागली ते मी पाहिलं आहे. त्यांनी ती लिहिली. पुढाऱ्यांनी महिनाभर कुरकुर केली, मग निकाल लागले आणि सगळे पेढ्यांच्या मागे लागले.

राहिला होता गवंडी. अर्ज त्याचा होता, चौकशीचा निकाल त्याला कळवणं माझं काम होतं. मी त्याला ठाण्यात बोलावलं आणि त्याच वेळी सिस्टरलाही. दोघांनी एकमेकांना सात वर्षांनी पाहिलं.

सिस्टर उभीच राहिली. म्हणाली, "दादा, चुकलं माझं. तुझ्या घरात भांडण लावलं. तुझ्या बायकोला सांगायला मी येते उद्या."

"या," तो म्हणाला. "तिला बरं वाटंल." मग खाली बघत बोलला, "माझी पहिली बी तुमच्याकडून गोळ्या घ्यायची. तिला वाटायचं मला म्हाईत न्हाई. उतरंडीत ठिवायची, तिसऱ्या गाडग्यात. मी कधी बोललो न्हाई. माझ्या आईपासून मीच ते गाडगं सांभाळायचो."

"मला ठावं हुतं," सिस्टर म्हणाली. "तिलाबी ठावं हुतं, तू सांभाळतो म्हणून."

मग त्याने विचारलं, "तिच्या नावावर जी कोण गोळ्या न्यायची, तिचं नाव नका सांगू. पर बरी हाय का ती?"

"बरी हाय."

"शिकून राहिली?"

"हाव. परीक्षा दिली तिनं."

"मग राहू द्या ते नाव तिच्यापाशी," तो म्हणाला, आणि अर्ज निकाली काढल्याच्या कागदावर त्याने अंगठा उमटवला.

गुन्हे उघडकीला आणणं म्हणजे नावं शोधणं, अशी माझी समजूत होती. या प्रकरणात सरकारने औषध दिलं होतं, पैसे खर्च केले होते, माणूस नेमला होता; आणि मग दारातच बाईला नवऱ्याचं नाव विचारून तिला परत जायला लावलं होतं. पुरुषांना पेटी आणि बायकांना वही. हा अन्याय एका नर्सने आपली नोकरी पणाला लावून निस्तरला. तिला चोर ठरवायला मी चार दिवस झटत होतो. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथल्या सरकारी दवाखान्यात मी पहिल्याच आठवड्यात जायचो आणि वही कुठे ठेवता, एवढं विचारायचो. काही डॉक्टर चिडायचे. काही दुसऱ्या दिवशी कुलूप आणायचे.

मी त्या सिस्टरचा ऋणी आहे. पितळी डबा माझ्या टेबलावर आपटणाऱ्या त्या बाईचा आहे, आणि अंगठा देणाऱ्या गवंड्याचाही. पण सगळ्यात जास्त ऋण आहे ते त्या बायकांचं, ज्यांनी रिकामी पाकिटं घालून डबे परत पाठवले. त्यांतल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. ठाण्याच्या कोणत्याही कागदावर ते नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी न लिहिता जपलेली अशी ती एकच यादी.